डब्याची धाप

मंगळवार, ४ तारीख

सगळ्यात आधी वन्सं आल्या. त्यांच्यामागून त्यांची पिशवी, ती उचलून आणणारी खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई आणि तिच्या पायात पायात करणारं तिचं मांजर, अशी सकाळी साडेदहालाच माझ्या दारात वरात. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. दोन बस बदलून, गुडघे धरत तीन मजले चढून आल्या आणि म्हणतात कशा, "सहज आले गं वहिनी, म्हटलं बघून यावं." सहज! कोपऱ्यावरून मीठ आणायचं तरी ह्या बाईला दोन दिवस विचार करावा लागतो. पण मला इतका आनंद झाला की का आलात ते विचारायचंच राहिलं.

बेल वाजली की मी आधी कव्हरं काढते आणि मग दार उघडते. मिक्सरचं, शिवणयंत्राचं, टीव्हीचं आणि आता डब्याचं. कव्हर आपल्या घरच्यासाठी, पाहुण्याला वस्तू दिसली पाहिजे. वन्सं बाहेरून ओरडतात, "उघड गं, का कव्हरं आवरतेयस?" चाळीस वर्षं तोच टोमणा.

डबा कोणता, ते नातीसाठी लिहून ठेवते. ही वही तिनेच दिली, "आजी, रोज लिही" म्हणाली. माझी शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर बरं आहे. तर डबा असा. माझ्या मुलाच्या घरी एक काळी पेटी आहे, तिच्यात घरातले सगळे फोटो, कागदपत्रं, नातीची बारशापासूनची गाणी, ह्यांचे शेवटच्या वर्षातले व्हिडिओ, सगळं भरून ठेवलंय. तिकडे काही बिघडलं तर इकडे राहावं म्हणून तशीच दुसरी पेटी माझ्या बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारच्या फळीवर आणून बसवली. तिचं खरं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून डबा. आत गार राहायला पाठीमागे एक पंखा आहे, तळहाताएवढा. थोडक्यात, मी राखणदार.

बसवताना मुलगा म्हणाला होता, "आई, याच्यावर काही ठेवू नकोस हं." मी फुलदाणीसुद्धा ठेवली नाही. फक्त एक कव्हर विणलं, गुलाबी लोकरीचं, आतून अस्तर लावलेलं, चारही बाजूंनी फळीपर्यंत घट्ट बसणारं. वायरीपुरतं भोक ठेवलं. इतकं मापात कव्हर मी आजवर विणलं नव्हतं.

पण गेल्या पंधरवड्यापासून डबा आवाज करतो. वन्संना म्हटलं, ऐका. आम्ही दोघी पाणी प्यायलो, चहा प्यायलो, मग डब्याजवळ जाऊन कान लावून उभ्या राहिलो. एकदम शांत! जणू आत कुणी नाहीच. वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणतात, "वहिनी, आज वार कोणता गं?" मी म्हटलं मंगळवार. थोड्या वेळाने, "गॅस बंद केलास ना?" मग, "माझ्या धाकट्या जावयाचं नाव काय, सांग बघू." मी सगळं सांगितलं. पण मला त्यांची काळजीच वाटायला लागली. वार आठवत नाही, जावयाचं नाव आठवत नाही. वय झालं आता त्यांचं. मुलाला सांगितलं पाहिजे.

गुरुवार, ६ तारीख

आवाज पुन्हा. आज दहाच्या सुमारास सुरू झाला आणि दिवसभर चालला.

आवाजातलं मला कळतं, हे मी गर्वाने नाही सांगत. ह्यांचं पंखे दुरुस्तीचं दुकान होतं आणि तीस वर्षं मी दुपारचं तिथे बसले. दांड्याचा बुश तेलावाचून सुकला की पंखा कुरकुरतो, पातं वाकलं की खडखडतो, स्क्रू ढिला असला की टकटक करतो. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर असतानाच मी ओळखायची आणि हे म्हणायचे, "हिला विचारा, मला काय विचारता!" पण डब्याचा आवाज ह्यातला कुठलाच नाही. हा धाप लागल्यासारखा आहे. जिना चढून आल्यावर वन्सं करतात तसा, हूंऽऽ हूंऽऽ.

रोज संध्याकाळी आठला मुलाचा फोन येतो, चेहरा दिसतो तो. मी पावणेआठलाच तयारीला लागते. केस विंचरते, डब्याचं कव्हर काढते, कारण त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "आई, डब्याचा दिवा हिरवा आहे का?" मी उठून बघते, हिरवा असतो. मग जेवलीस का, काय केलंस दिवसभर, आणि असं करत अर्धा तास.

आज मी आवाजाचं सांगितलं. फोन डब्याला टेकवून धरला. तो म्हणाला, "मला काहीच ऐकू येत नाही गं." मलाही येत नव्हतं. दिवसभर धापा टाकणारा डबा फोन आला की गप्प! मग तो हळूच म्हणाला, "आणखी कसले आवाज ऐकू येतात का तुला?" इतकं आपुलकीने कोणी विचारत नाही हो हल्ली. मी भरभरून सांगितलं. कबुतरांचा येतो, वरच्यांच्या नळाचा येतो, शिंपीणबाईंचं यंत्र थांबलं की त्याचाही येतो, म्हणजे थांबल्याचा.

वन्संच्या विसरण्याचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "त्या ठीक आहेत, आई." असं का म्हणाला कळलं नाही.

शनिवार, ८ तारीख

आज त्याने सांगूनच टाकलं. बावीस तारखेला दोघं नातीला घेऊन येणार आणि मला तिकडे घेऊन जाणार. कायमचं. महिनाअखेरीला ह्या खोल्या सोडून द्यायच्या. सूनबाईही फोनवर आली, "आई, तुमच्यासाठी उजेडाची खोली ठेवलीय." गुणाची आहे ती, मी खोटं लिहिणार नाही. पण त्यांच्या घरी मला कुणी कपसुद्धा धुऊ देत नाहीत. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी मी सोफ्यावरची वस्तू होते, आणि त्यांच्याकडे कव्हरंही नाहीत.

मी म्हटलं, "पण मला काय झालंय?"

तो म्हणाला, "काही झालं नाही गं. एकटीला नको आता. नसलेले आवाज ऐकू यायला लागले की..."

नसलेले? म्हणजे मला वेड लागलंय असं वाटतं का ह्या सगळ्यांना? मी डब्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "काय रे ए शहाण्या, मी एकटी असले की ओरडतोस आणि माणसं आली की साळसूद?" मग लक्षात आलं, हे कुणी ऐकलं असतं तर उद्याच घेऊन गेले असते.

सोमवार, १० तारीख

दुपारी आवाज जोरात. पळत खाली गेले, शिंपीणबाईला म्हटलं चल, आत्ताच्या आत्ता चल. ती म्हणाली ह्या बाहीला एवढी टीप मारून आलेच. मी वर आले. तिने बेल वाजवली, मी कव्हरं काढली, दार उघडलं. तिला लिंबूसरबत दिलं, मांजराबद्दलची तिची कुरकुर ऐकून घेतली, कारण तो विषय तिला आवरत नाही. मग डब्याकडे नेलं. शांत.

"आजी," ती म्हणाली, "माझ्या यंत्राचा येत असेल आवाज." बरी आहे मनाने. पण जाताना जिन्यात थांबून एकदा मागे वळून बघितलंन.

बुधवार, १२ तारीख

मुलाने दुरुस्तीवाली पाठवली. मला वाटलं होतं कुणी बाप्या येईल, तर ही चाळिशीची बाई, अंबाड्यात काट्याच्या जागी स्क्रूड्रायव्हर खोचलेला. आल्या आल्या म्हणाली, "आजी, चहा नंतर. आधी पेशंट दाखवा." मला ती आवडलीच. तरी मी चहा ठेवलाच, आणि तिने तो उभ्याउभ्या प्यायला, फुंकर न मारता.

तिने कान लावला. काही नाही. डबा फिरवून मागची जाळी उघडली, पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेला गुलाबी लोकरीचा धागा चिमट्याने ओढून काढला आणि उजेडात धरला.

"हा इथे कसा गेला?"

"अगं, मी विणते ना. ह्या घरात लोकर कुठे सापडेल सांगता येत नाही. मागे एकदा कणकेत निघाली होती."

ती हसली. पंखा बोटाने फिरवून बघितला, धूळ उडवली, म्हणाली की धाग्याने थोडी टिकटिक झाली असेल, पण धाप लागावी असं काही दिसत नाही, पंखा ठणठणीत आहे.

मी विचारलं, "बुश सुकलाय का?" तर तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बुश तुम्हाला माहिताय?"

मग मी दुकानाचं सांगितलं आणि ती खाली फरशीवर बसली ती अर्धा तास. जाताना म्हणाली, "आजी, एक करा. आवाज सुरू होतो कधी, थांबतो कधी, आणि त्याआधी तुम्ही काय करत होता, सगळं लिहून ठेवा. लहानसहानसुद्धा." मी म्हटलं वही आहेच.

ती गेली, मी कव्हरं घातली. तासाभरात डबा पुन्हा धापा टाकायला लागला.

शुक्रवार, १४ तारीख

ती म्हणाली म्हणून लिहिते.

नऊ वाजता झाडायला घेतलं. त्याआधी डब्याला कव्हर, धूळ बसू नये म्हणून. दहाला पाच कमी, आवाज. दहा ते बारा, आवाज, मध्येच चढतो. एक वाजता वीजबिलवाला, बेल, कव्हरं काढली. त्याला पाणी दिलं, त्याची बायको माहेरी गेलीय. सव्वाला डबा गप्प. तो गेला, कव्हर. दोनला आवाज. पावणेआठला वेणीफणी, कव्हर काढलं. आठला फोन, गप्प. त्यानंतर गप्पच. झोपताना मी कव्हर काढूनच ठेवते, तो हिरवा दिवा दिसला की सोबत वाटते.

हे सगळं पुन्हा वाचलं. काही कळत नाही. ह्या डब्याला माणसं आवडत असावीत.

रविवार, १६ तारीख

आज फोनवर डब्याचं काही बोलले नाही. त्याने विचारलं, "आवाज?" मी म्हटलं, "नाही रे." पहिल्यांदा मुलाशी खोटं बोलले. दिवसभर आवाज होता. होता ना? आता माझं मलाच सांगता येईना. कपाटातल्या साड्या काढून पलंगावर ठेवल्या आणि पुन्हा आत ठेवल्या.

शनिवार, २२ तारीख

केवढा दिवस! हात दुखतोय पण सगळं लिहिणार.

सगळे आले. मुलगा, सूनबाई, नात आणि त्यांची मोठी निळी बॅग, रिकामी, चाकांची. ती दारातून आत आली आणि मी तिला कपाटापासून लांब, दाराशीच उभी केली. मागोमाग वन्सं, "सहज" म्हणत. मी सगळ्यांना पोटभर बघून घेतलं. नात माझ्या कमरेएवढी झालीय. सूनबाईने कपाट उघडलं, "आई, साड्यांपासून सुरुवात करू या का?" मी म्हटलं, करू या. करू या म्हणण्याशिवाय काय म्हणणार?

तेवढ्यात बेल. दुरुस्तीवाली! तिला कुणी बोलावलं नव्हतं. काखेत तिचा लॅपटॉप. "वही लिहिलीत ना आजी?" म्हणाली. मुलगा म्हणाला, "आता त्याची गरज नाही, डबा आम्ही नेतोच आहोत." ती म्हणाली, "पाच मिनिटं द्या. मागच्या खेपेला एक बघायचं राहिलं, ते मला टोचतंय." आणि एक वायर डब्याला लावून खाली बसली सुद्धा.

मग ती म्हणाली की डबासुद्धा डायरी लिहितो. मला खोटंच वाटलं. पण तिने दाखवलं, आत किती गरम झालं ते मिनिटामिनिटाला त्याच्या डायरीत उतरतं. पडद्यावर एक रेघ होती, सपाट, मग डोंगर, मग सपाट, पुन्हा डोंगर.

"पंखा पळतो तो ह्या डोंगरांवर," ती म्हणाली. "आजी, चौदा तारीख वाचा."

मी वाचलं, बोट फिरवत. नऊला कव्हर. ती म्हणाली, इथे रेघ चढायला लागली. दहाला पाच कमी, आवाज. ती म्हणाली, बरोबर. एक वाजता वीजबिलवाला, कव्हरं काढली. ती म्हणाली, उतरली. पावणेआठ, वेणीफणी, कव्हर काढलं. "उतरली," नात ओरडली, ती पडद्याला नाक लावून बसली होती.

आणि मला एकदम हे आठवले, दुकानात, स्टुलावर. गिऱ्हाईक पंखा ओरडतो म्हणून भांडत आलं की हे पंख्याकडे बघायचेच नाहीत. आधी विचारायचे, "ठेवता कुठे? मागे पडदा आहे का?" आणि पंखा सुरू करून त्याच्या पाठीशी तळवा धरायचे, वारा ओढतोय का ते बघायला. तीस वर्षं मी हे बघितलं, आणि माझ्याच घरात...

मी उठले. कव्हर आणलं, डब्याला घातलं, खाली नीट ओढून बसवलं. "कुणी बोलू नका," म्हटलं. सूनबाई साडी हातात घेऊन तशीच उभी. वन्संनी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. पाच मिनिटं. दहा. वन्सं कुजबुजल्या, "वहिनी, राहू दे आता." आणखी पाच झाली. मग आतून, आधी बारीक, मग मोठा, हूंऽऽ हूंऽऽ.

"आला!" मी ओरडले. "आला की नाही? ऐकू येतोय की नाही?"

"येतोय आजी!" नात म्हणाली.

"अगंबाई," वन्सं म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच वार विचारत बसले."

ह्याचा काय संबंध मला कळलं नाही, पण मला इतका आनंद झाला होता की मी त्यांचा मुकाच घेतला. आवाज आहे! माझे कान शाबूत आहेत! मुलगा डब्यापाशी वाकून ऐकत होता, मग त्याने कव्हर उचललं, उलटंसुलटं करून बघितलं, आतलं अस्तर बघितलं.

"आई, मी म्हटलं होतं ना काही ठेवू नकोस!"

"फुलदाणी तरी ठेवली का मी?"

तो हसायला लागला. खाली बसला आणि डोळे पुसेपर्यंत हसला, पण डोळे पुसून झाले तरी पुसतच होता. दुरुस्तीवालीने मला हळूच सांगितलं, "अशीच महिनाभर तापली असती पेटी, तर आतलं सगळं गेलं असतं. तुम्ही ऐकलंत म्हणून वाचलं." म्हणजे बिघाड करणारी मी आणि पकडणारीही मीच. ह्यात शाबासकी घ्यायची की कान पकडायचे, मी दोन्ही केलं.

मग तिने त्या डायरीत आणखी एक दाखवलं. रोज संध्याकाळी आठला पाच कमी असताना कुणीतरी लांबून येऊन डबा ठीक आहे का बघतं आणि जातं. मी घाबरले, चोर का? ती म्हणाली, "नाही हो, तुमचा मुलगा. दिवा हिरवा आहे की नाही ते त्याला घरबसल्या दिसतं."

"मग रे," मी त्याला म्हटलं, "बघून ठेवतोस, आणि पुन्हा मला उठवून विचारतोस कशाला?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, लहानपणी व्हायच्या तशा. सूनबाई उगाच साडीची घडी घालत राहिली. विसरत असेल बिचारा, कामं किती असतात त्याला.

साडी सूनबाईने परत कपाटात ठेवली. कुणी काही ठरवलं असं नाही, म्हणजे माझ्यासमोर तरी नाही. पण मुलाने खोल्यांच्या मालकांना फोन करून सांगितलं की सोडत नाही. मी भांडी घासत होते, तेव्हा ऐकू आलं. माझे कान शाबूत आहेत.

रविवार, २३ तारीख

सकाळी गेले. एवढी मोठी बॅग रिकामी परत न्यायची म्हणजे बरं दिसत नाही, म्हणून मी तिच्यात कव्हरं भरली. मिक्सरचं, टीव्हीचं, दोन उशांची आणि डब्याचं ते गुलाबी. नातीने ते डोक्यावर टोपीसारखं घातलं आणि काढेना. सूनबाई म्हणाली, "आई, ह्याचं काय करू?" मी म्हटलं, तुझ्या लॅपटॉपला बसतं का बघ, नाहीतर माप घेऊन कळव, नवीन विणते. त्यावर तिने आणि मुलाने एकमेकांकडे का बघितलं कोण जाणे.

डबा आता उघडाच आहे. रोज फडक्याने पुसते, आणि मागे तळवा धरून बघते. वारा येतो, बारीकसा.

आठला फोन आला. गाडीतून उतरून नुकते घरी पोहोचले होते, बूटसुद्धा काढले नव्हते त्याने. "आई, दिवा हिरवा आहे का?"

मी म्हणणार होते, तुला दिसतोय की. पण म्हटलं, "थांब हं, बघून सांगते," आणि उठून बघून आले.

पुढच्या महिन्यात शनिवारी, तेरा तारखेला येतो म्हणालेत, तिघंही, दुपारच्या गाडीने.